सुटीतल्या व्हीबीएसचा रिव्ह्यू, विषय दिव्यांगत्व आणि दया: पाचपैकी साडेतीन, दीड कुठे कापला ते सांगते

आधी कामाचं. नगरमधल्या एका चर्चची मे महिन्यातली सुटीतली बायबल शाळा, म्हणजे आपली व्हीबीएस. पाच दिवस, सकाळी साडेआठ ते साडेअकरा, वय ४ ते १२, फी २०० रुपये आणि घरातलं दुसरं मूल असेल तर त्याचे १००. चर्चचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत आणि ती माणसं मनापासून फुकट राबलीत, उगाच कुणी जाऊन त्यांना झोडायला नको. आमची दोन मुलं होती. मोठा नऊ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, पायात एएफओ (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा आधार) घालून वॉकरनं चालतो, बोलणं सावकाश पण डोकं जोरात चालतं, आणि धाकटी सहाची, तिचं तोंड जोरात चालतं. वर्ग वयाप्रमाणे, धाकटी बिगिनरमधे आणि मोठा प्रायमरीत, ज्युनियर त्याच्याही वरचा.

व्हीबीएस मला नवीन नाही, लहानपणापासून नोहाचं तारू, दानीएल, योना हे सगळं फिरून फिरून झालंय. यावर्षी विषय ऐकला आणि खरं सांगू का, पोटात गोळाच आला. दिव्यांग आणि दया असा विषय आणि वर्गात वॉकरवाला एकच मुलगा, म्हणजे तो समोर उभा राहणार आणि बाकीच्यांना सांगणार की बघा देवानं तुम्हाला धडधाकट पाय दिलेत, आभार माना. हे आमच्यासोबत आधी दुसरीकडे झालेलं आहे म्हणून म्हणते. म्हणून संडे स्कूलच्या सुपरिटेंडंट बाईंना आधीच भेटून विचारलं, त्या म्हणाल्या, असं अजिबात होणार नाही, त्याला जे बाकीच्यांना तेच. आणि खरंच पाची दिवस कुणी त्याचं उदाहरण केलं नाही. साडेतीनातला एक स्टार याच्यासाठीच, बाकी काहीही असो.

पहिल्या दिवशी १ करिंथ १२, म्हणजे बायबलमधलं पौलाचं पत्र, शरीर एक पण अवयव पुष्कळ. ब्राउन पेपरवर एका पोराला आडवं झोपवून त्याच्याभोवती स्केचपेननं रेघ मारली आणि मग प्रत्येकानं एकेक अवयव रंगवायचा. पौलानं तिथे जी गंमत केलीय ना, सगळं शरीर डोळाच असतं तर ऐकणार कशानं, ती टीचरनं नीट पकडली. पुठ्ठ्याचा एक मोठ्ठा डोळा खुर्चीत बसवला आणि पोरं त्याला हुकूम सोडतायत, ए डोळ्या पाणी पी, ए डोळ्या दार उघड, बिगिनरवाले हसून हसून लोळत होते. सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं वचन, त्यातलं बावीसावं होतं, जे अवयव अशक्त वाटतात तेच गरजेचे आहेत या अर्थाचं. ते चार वर्षांच्या मुलांना फार लांब पडलं, अर्धं तरी करायचं, धाकटी अजून अवयवला अयवय म्हणते. पण अर्थ तिला कळलाय कारण घरी येऊन तिनं आजीला विचारलं की तुझा गुडघा दुखतो मग तो जास्त महत्त्वाचा का.

दुसरा दिवस सगळ्यात भारी. मफीबोशेथ. आता हे नाव पोरांच्या तोंडात कसं बसणार असं वाटलं होतं पण नावच इतकं वेगळं की दिवसभर घरात मफीबोशेथ मफीबोशेथ. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: हा योनाथानाचा मुलगा, शौल राजाचा नातू. लढाईत बाप आणि आजोबा दोघंही पडल्याची बातमी आली तेव्हा हा पाच वर्षांचा होता, दाई त्याला उचलून पळत सुटली, घाईत तो पडला आणि दोन्ही पाय कायमचे अधू झाले. पुढे दावीद राजा झाल्यावर त्यानं विचारलं की शौलाच्या घरातलं कुणी उरलंय का, योनाथानाखातर मला त्याचं भलं करायचंय. तेव्हा हा लो-दबारला माखीर नावाच्या माणसाच्या घरी होता. दावीदानं बोलावून घेतलं, आजोबांची सगळी जमीन परत दिली आणि सांगितलं की तू रोज माझ्या पंक्तीला जेवायचं.

ही गोष्ट ज्यानं निवडली त्याला माझा सलाम, कारण यात कुणी बरं होत नाही. २ शमुवेल ९ काढून शेवटचं वाक्य बघा, तो यरुशलेमेत राहिला, राजाच्या पंक्तीला जेवत राहिला आणि दोन्ही पायांनी अधू होता. एवढंच, चमत्कार वगैरे काही नाही. आपल्या संडे स्कूलमधे दिव्यांग माणूस म्हटलं की तो गोष्टीच्या सुरुवातीला आंधळा नाहीतर पांगळा असतो आणि शेवटी उड्या मारत घरी जातो, मग मुलांच्या डोक्यात बसतं की देवाचा माणूस असला तर शेवटी बराच व्हायला पाहिजे, आणि जो बरा झाला नाही त्याचं काय करायचं हे त्यांना कळतच नाही. माझ्या पोराला पहिल्यांदा अशी गोष्ट मिळाली ज्यात माणूस शेवटीपण त्याच्यासारखाच आहे आणि तरी राजाच्या शेजारी जेवतोय.

ॲक्टिव्हिटी पण डोकं लावून केलेली होती. हॉलमधे चटया टाकून पंगत मांडायची, आणि टीचरनं फक्त एवढंच सांगितलं की सगळ्यांना बसता आलं पाहिजे, कसं ते तुम्ही ठरवा. मोठ्याला चटईवर बसता येत नाही आणि बसला तर उठवायला दोन माणसं लागतात. आधी दोघातिघांनी त्याला वेगळी खुर्ची आणली, मग एक मुलगी म्हणाली अरे पण मग तो एकटाच वर बसेल ना, मग त्यांचं आपसात भांडण, मग शेवटी चटया गुंडाळून सगळे बाकांवर. टीचर मधे पडली नाही, घड्याळ बघत उभी राहिली फक्त. मला विचाराल तर अख्ख्या व्हीबीएसमधला हा सगळ्यात चांगला पाऊण तास.

फक्त एक गोष्ट खटकली. एका दादानं (तरुण संघातला मुलगा, वीसेक वर्षांचा असेल, गोड आहे) शेवटी असं सांगितलं की राजाच्या टेबलाखाली मफीबोशेथचे पाय झाकले जायचे म्हणून तो सगळ्यांसारखाच दिसायचा. हे प्रवचनांमधे पण खूप ऐकलंय मी. पण बायबलमधे असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. उलट शेवटच्या ओळीत पाय मुद्दाम सांगितलेत. मोठा घरी येऊन म्हणाला, "आई, राजाला माहीत होतं ना पायांचं, मग लपवायचे कशाला." मी तेच त्या दादाला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्यानं वहीत लिहून घेतलं, बरं वाटलं.

आणि दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना या गोष्टीचा पुढचा भाग पण सांगायला हवा होता. सीबा नावाचा जो नोकर मफीबोशेथची जमीन बघायचा तोच पुढे राजाला जाऊन खोटं सांगतो की मफीबोशेथ तुमच्यावर उलटला, आणि सगळी जमीन स्वतःच्या नावावर करून घेतो. नंतर मफीबोशेथ राजाला सांगतो की मी गाढवावर खोगीर चढवून येणार होतो, पण मी पायांनी अधू आणि यानं मला फसवलं. मदत करणारा माणूसच कसा गळा धरतो हे दिव्यांग घरातल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. ज्युनियरच्या मुलांना हे नक्की झेपलं असतं, पण वेळ नव्हता म्हणे.

तिसऱ्या दिवशी बार्तीमय. आंधळा, यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला, येशू जातोय कळल्यावर ओरडतो, लोक दटावतात की गप्प बस, तो आणखी मोठ्यानं ओरडतो. मग येशू थांबतो आणि त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. टीचरनं सगळा जोर इथे दिला. म्हणाली, आंधळ्या माणसाला काय हवं ते येशूला माहीत नव्हतं का? होतं. तरी विचारलं. मग आपण पण आधी विचारायचं. आणि मग जोडी जोडीनं प्रॅक्टिस: मदत हवीये का, कशी करू, आणि समोरचा नको म्हणाला तर ठीक आहे म्हणून गप्प बसायचं. हे तिसरं मुलांना सगळ्यात अवघड जातं, मोठ्यांना तर येतच नाही. आमच्या सोसायटीत रोज कुणीतरी न विचारता मोठ्याचा वॉकर पुढून ओढतं, मदत म्हणून, आणि तो पडता पडता वाचतो. त्या दिवसापासून धाकटी दारातच उभी राहून सगळ्यांना ओरडते, आधी विचारा, येशूनं पण विचारलं होतं. लिफ्टमधल्या काकूंना सांगून मोकळी झाली.

त्याच दिवशी मंडळीतले एक अंध काका आले होते. निवृत्त आहेत, आवाज खणखणीत. त्यांनी ब्रेलमधलं लूकचं शुभवर्तमान आणलं होतं, फक्त लूक, तरी केवढा जाड ग्रंथ, म्हणाले पूर्ण बायबल आणायचं तर टेम्पो करावा लागेल. पोरांना बोटं फिरवायला दिली, सहा टिंबांमधे सगळी अक्षरं कशी बसतात ते दाखवलं, प्रत्येकाला कागदावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर टोचून दिलं. आणि रस्ता ओलांडताना अंध माणसाचा हात धरून ओढायचं नसतं, आपला कोपर पुढे करायचा, तो धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल, हे सगळ्यांकडून करून घेतलं. त्यांनीच केडगावची गोष्ट सांगितली (आपल्या नगरजवळचं केडगाव नाही बरं का, दौंडजवळचं). पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधे अंध बायकामुलींसाठी जे घर होतं त्याला बार्तीमयावरूनच बार्तिमी सदन नाव होतं, आणि रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई, त्यांनी स्वतः ब्रेल शिकून तिथे शिकवायला सुरुवात केली. दुष्काळातून, रस्त्यावरून आलेल्या मुली, त्यात अंध, आणि त्यांना दयेचा घास देऊन कोपऱ्यात न बसवता वाचायला शिकवलं. मुलांना किती कळलं माहीत नाही पण मागे बसलेल्या आम्ही आया एकदम गप्प झालो होतो.

एवढं चांगलं चाललेलं असताना मग तो डोळ्यावर पट्टी बांधायचा खेळ कशाला आणला देव जाणे. अर्ध्या पोरांनी आंधळी कोशिंबीर केली, दोन मुलं एकमेकांवर आपटली, बिगिनरमधली एक मुलगी घाबरून रडायला लागली, आणि शेवटी दादानं विचारलं, कसं वाटलं? सगळे एका सुरात: भीती वाटली! झालं ना उलटं. आत्ताच जो माणूस बोटांनी धडाधड वाचून दाखवून गेला, एकटा रिक्षानं आला आणि एकटा गेला, त्याच्याबद्दल मुलांनी काय शिकायचं, की तो सतत घाबरलेला असतो? पाच मिनिटं पट्टी बांधून अंध माणसाचं जगणं कळत नाही, फक्त अंधार कळतो. हा खेळ कापा. त्याऐवजी काकांना अजून अर्धा तास द्या.

चौथा दिवस कफर्णहूम, छप्पर उघडून पक्षघाती माणसाला खाली सोडणारे चार मित्र. पोरांचा आवडता दिवस हाच, कारण पुठ्ठ्याचं घर, वर कापडाचं छप्पर, हातरुमालात बाहुली ठेवून चार दोऱ्यांनी हळूहळू खाली सोडायची. एकानं दोरी जोरात सोडली की बाहुली घसरून पडते, त्यामुळे आपोआप एकमेकांकडे बघत सोडावं लागतं. साधी गोष्ट पण मस्त.

पण मला भीती होती ती इथेच झाली. एक टीचर म्हणाल्या की विश्वास ठेवला की येशू बरं करतो. आणि आमची धाकटी, हात वर, मोठ्यानं: मग माझा दादा का नाही झाला बरा? अख्खा वर्ग मोठ्याकडे बघतोय. मी दारात उभी. घरात अशी मुलं असलेल्यांनाच कळेल की त्या क्षणी काय होतं. आम्ही प्रत्येक चंगाई सभेचं (प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेचं) आमंत्रण ऐकलंय, तेल लावून झालंय, उपास झालेत, अमक्या पास्टरांकडे एकदा नेऊन तर बघा हे झालंय, आणि शेवटी कुणीतरी हळूच विचारतं की घरात काही पाप राहिलंय का कबूल करायचं. म्हणजे पोरगा बरा झाला नाही यात चूक आमची.

तर प्रायमरीच्या ज्या मुख्य टीचर होत्या त्या पुढे आल्या, खाली मुलांच्यात बसल्या आणि म्हणाल्या, मला माहीत नाही. आम्ही पण प्रार्थना करतो आणि का नाही झालं ते मला माहीत नाही. मग बायबल उघडून योहान ९ सांगितलं, जन्मापासून आंधळा माणूस बघून शिष्य विचारतात की पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी, आणि येशू म्हणतो यानंही नाही आणि आईबापांनीही नाही. मग म्हणाल्या की आज कोणी इथे म्हणालं असेल की विश्वास कमी पडला म्हणून कुणी बरं होत नाही, तर ते आपण खोडून टाकू, आणि बघा, आजच्या गोष्टीत येशूनं कुणाचा विश्वास बघितला, झोपलेल्या माणसाचा नाही, त्याच्या मित्रांचा. मार्कच्या शुभवर्तमानात खरंच तसं आहे, त्यांचा विश्वास पाहून, असं. मग मोठ्याला विचारलं की तुला काही बोलायचंय का, तो म्हणाला नाही, मला दोरी धरायचीय. संपला विषय. दुसरा स्टार या बाईंचा.

त्या टीचर सरकारी शाळेत शिकवतात, त्यामुळे असेल. बाकी व्हॉलंटियर म्हणजे तरुण संघाची कॉलेजची मुलं, त्यांना एक दिवस ट्रेनिंग दिलं होतं आणि त्यात तीनच प्रकार होते: अंध, कर्णबधिर आणि चालता न येणारे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, बरंच काही आहे जे बघून कळत नाही. आता बायबलच्या गोष्टींमधे दिसणारं अपंगत्वच जास्त येतं हे खरं, पण म्हणून शिकवणाऱ्यानं तिथेच थांबायचं का? धाकटीच्या वर्गात एक मुलगा होता जो स्पीकर लागला की कान दाबून टेबलाखाली जायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला हट्टी म्हणत होते, बाहेर ये, नाचायला ये. दयेवरची व्हीबीएस चालू आहे आणि स्पीकरचा आवाज कमी करावा हे सुचत नाही! त्याची आई शेवटी येऊन बोलली तेव्हा मागच्या खोलीत शांत जागा केली, चटई आणि क्रेयॉन, आणि गंमत म्हणजे तिथे नंतर आणखी तीनचार मुलं जाऊन बसायला लागली. हे पहिल्या दिवसापासून हवं.

मोशेची गोष्ट पण घ्यायला हवी होती असं राहून राहून वाटतं. निर्गम ४ मधे मोशे म्हणतो मी जड जिभेचा आहे, मला बोलता येत नाही, आणि देव त्याची जीभ सुटी करत नाही, सोबतीला अहरोनाला देतो. तोतरं बोलणारं मूल प्रत्येक वर्गात एखादं असतंच, त्याला आख्ख्या इस्राएलाचा पुढारी आपल्यासारखा होता हे ऐकून काय वाटेल विचार करा.

मटेरियलवर थोडं. फ्लॅशकार्ड बाहेरच्या देशातली, भाषांतर केलेली, चित्रांमधे बर्फ पडतोय आणि गोरी मुलगी व्हीलचेअरवर हसतेय. प्रत्येक चित्रात ती हसतेच, व्हीलचेअरवर बसल्यावर चिडायला बंदी असावी. एक व्हिडिओ पण अमेरिकेतला होता, चांगला होता, पण मुलं कंटाळली. अरे आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत ना, नगरहून दोनेक तासांवर काम उभं आहे. त्या १८८३ ला इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, आणि ऐकू कमी येतं म्हणून ते राहून गेलं. त्याच बाईंनी पुढे मुक्ती उभारलं आणि मूळ हिब्रू ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, १९२२ ला वारल्या त्याच्या जरा आधी ते काम संपवलं. त्यांचं एक चित्र काढून द्यायला कुणाला जमलं नसतं का? काकांनी सांगितली म्हणून केडगावची गोष्ट तरी आली, पण रमाबाईंना स्वतःला ऐकू कमी यायचं हे कुणीच सांगितलं नाही, आणि ज्युनियरमधे एक श्रवणयंत्र लावणारी मुलगी बसलेली होती.

त्या मुलीवरून आठवलं, गाणी. ॲक्शन साँग सगळी नेहमीची, वही झेरॉक्सची, ठीक. पण एका ताईनं त्या मुलीला विचारून दोन गाण्यांना कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेतले खरे साइन लावले. येशूसाठी तिनं दाखवलं, एका हाताच्या बोटानं दुसऱ्या तळव्याला टेकायचं आणि मग उलट, खिळ्यांच्या खुणा. चाळीस पोरं तिच्याकडे बघून शिकतायत आणि ती चुका काढतेय, अशी नाही, अशी. आमच्या मोठ्या मुलानं लगेच विचारलं की येशू पुन्हा उठल्यावर पण खुणा होत्या का. होत्या की, थोमा या शिष्याला दाखवल्या ना. त्यावर तो बराच वेळ विचार करत होता, काय ते मला सांगितलं नाही.

वहीतली रंगवायची चित्रं फार बारीक आहेत, ज्या मुलाचा हात थरथरतो त्यानं काय करायचं, जाड रेघांची चारदोन पानं ठेवा आणि जाडे क्रेयॉन ठेवा, महाग नाही. नाश्ता महिला मंडळाचा, उपमा, केळं, शेवटच्या दिवशी शिरा. उत्तम. यात काही बोलायला जागा नाही.

आता जिना. हॉलला सहा पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मोठ्याला एका काकांनी उचलून नेलं, नऊ वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर बाळासारखं काखेत, तो रडवेला झाला होता. दुसऱ्या दिवशी रॅम्प म्हणून प्लायवूडची फळी टाकली, ती इतकी उभी की वॉकर सोडा, मीच घसरले असते. आमचे हे साइटवर काम करतात, त्यांनी हिशोब करून दिला: उतार एकास बारा लागतो, सहा पायऱ्या सहा सहा इंचाच्या म्हणजे तीन फूट उंची, तर रॅम्प ३६ फूट लांब पाहिजे, मधे वळण घेऊन बाजूच्या भिंतीलगत बसतो. पाळकसाहेबांना कागद दिलाय, कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. आणि हे मी त्यांना तोंडावरच म्हटलं की चौथ्या दिवशीच्या गोष्टीत त्या चौघांनी छप्पर फोडलं, घरमालकानं पण काही म्हटल्याचं लिहिलेलं नाही, आपल्याला तर फोडायचंही नाहीये नुसतं बांधायचंय. हसले. तिसऱ्या दिवसापासून मात्र प्रायमरीचा वर्ग त्यांनी खाली पार्किंगच्या शेडमधे आणला, पंखे लावले, म्हणजे ऐकतात. टॉयलेट मात्र इंडियनच आहे आणि तिथे धरायला दांडी नाही, आम्ही अकरापर्यंत कसंबसं मॅनेज केलं.

अर्धा स्टार पाचव्या दिवसाचा गेला. धडा होता लूक १४, मेजवानी दिलीस तर गरीब, अधू, आंधळे यांना बोलाव. आणि हा धडा शिकवून झाल्यावर काय केलं, तर मुलांना बसमधे घालून एका विशेष शाळेत फळवाटप! केळी, बिस्किटचे पुडे, बॅनर, फोटो, पाच मिनिटं प्रार्थना आणि परत. नगरसेवकाच्या वाढदिवसाला जे होतं तेच. तिथली मुलं रांगेत उभी, आपली मुलं पुडे देतायत, कुणाला कुणाचं नाव माहीत नाही. येशूनं काय सांगितलंय, बोलाव. म्हणजे आपल्या घरी, आपल्या पंक्तीला, आणि हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी या पोरांनी बाक लावून किती छान केली होती! त्या शाळेतल्या मुलांना इकडे बोलवायचं होतं, एकत्र शिरा खायचा, बाहुलीचं छप्पर खेळायचं. मोठा बसमधे चढलाच नाही, म्हणाला मी कुठल्या बाजूला उभा राहू. आम्ही घरी आलो.

एवढं असून पुढच्या वर्षी पाठवणार का? हो, दोघांना. कारण दुसरा, चौथा आणि काकांचा अर्धा तास मला मराठीत दुसरीकडे कुठे मिळालेला नाही, आणि चुका सांगितल्या तर ही माणसं तोंड वाकडं करत नाहीत. ज्यांच्या घरी दिव्यांग मूल नाही त्यांनी तर आवर्जून पाठवा, आमच्या मुलांबरोबर वर्गात बसणारी मुलं तुमचीच असतात. चार वर्षांच्या मुलांना मात्र पाच दिवस जास्त होतात, तीन दिवस पाठवलं तरी चालतं, कुणी रागवत नाही.

नोंदणी एप्रिलमधे रविवारच्या उपासनेनंतर गेटजवळच्या टेबलावर होते, व्हॉट्सअपवर घेत नाहीत. इतर मंडळीतली आणि ख्रिस्ती नसलेली मुलं पण होती, त्यांना कुणी काही विचारलं नाही. फॉर्मवर "काही आजार?" असा एक रकाना आहे, त्यात मी लिहिलं होतं की आजार नाही, वॉकर आहे, पायऱ्या चढता येत नाहीत, खुर्ची पाठ टेकायची लागते. तुमच्या मुलाला जे लागतं ते तिथे सविस्तर लिहा, जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला लिहा, कारण सुपरिटेंडंट बाई ते वाचतात आणि आदल्या आठवड्यात फोन करतात.